गुरुवारचा आकडा सगळ्यांसाठी

दर गुरुवारी सकाळी साडेआठला, वॉशिंग्टनच्या वेळेनुसार, अमेरिकेचं कृषी खातं एक तक्ता प्रसिद्ध करतं. आदल्या आठवड्यात गहू, मका, सोयाबीन कोणत्या देशाला किती विकलं, किती रवाना झालं, किती सौदे रद्द झाले, हे सगळं त्यात असतं. दिसायला रुक्ष. पण शेतीबाजारातली यापेक्षा न्याय्य विदा मला माहीत नाही.

तिचा जन्म एका मोठ्या फसगतीतून झाला. १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने अमेरिकी कंपन्यांकडून गुपचूप सुमारे १.२ कोटी टन गहू विकत घेतला. कोणत्याच कंपनीला दुसरीचे सौदे पूर्ण ठाऊक नव्हते आणि सरकारलाही एकूण अंदाज नव्हता. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या अनेक शेतकऱ्यांनी काढणी होताच माल विकून टाकला होता. भाव चढले ते त्यानंतर. म्हणून १९७३ मध्ये कायदा झाला: निर्यातदाराने सौदे कळवलेच पाहिजेत. एका दिवसात एका देशाशी १ लाख टन किंवा जास्त धान्याचा सौदा झाला, तर दुसऱ्याच कामाच्या दिवशी.

हा तक्ता वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. सौदा म्हणजे रवानगी नव्हे; जहाजात भरेपर्यंत तो रद्द होऊ शकतो. ‘अज्ञात देश’ असाही एक रकाना असतो. त्यातला माल पुढे एखाद्या देशाच्या नावावर चढतो. आणि एका आठवड्याचा आकडा म्हणजे बराचसा गोंगाट. सोयाबीनचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. तेव्हापासूनची एकूण विक्री वर्षाच्या अंदाजाच्या किती टक्के झाली आणि मागच्या वर्षी याच सुमारास किती होती, हे पाहिलं तर खरा कल दिसतो.

या आकड्याची किंमत तो बंद पडल्यावर कळते. २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकी सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प झालं आणि हा अहवालही थांबला. नेमका सोयाबीन काढणीचा हंगाम, त्यात चीनने खरेदी रोखलेली. मोठ्या कंपन्यांना स्वतःचे सौदे तरी माहीत होते. शेतकऱ्याकडे तेवढंही नव्हतं.

आता आपल्याकडे पाहा. भारतातून सोयापेंड निर्यात होते, त्यामुळे लातूरच्या बाजार समितीतल्या भावात परदेशी मागणीचा वाटा असतो. पण निर्यातीचे सरकारी आकडे महिन्याच्या हिशेबाने येतात, तेही माल गेल्यावर. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले, तेव्हा पुढच्या भावाचा अंदाज देणारी आणखी एक खूण गेली. माल आज विकावा की महिनाभर ठेवावा, हे शेतकरी मग ऐकीव बातम्यांवर ठरवतो.

माझं म्हणणं साधं आहे: भारतानेही निर्यात सौद्यांची साप्ताहिक नोंद सक्तीची करावी. व्यापाऱ्यांची गुपितं फुटतील, हा आक्षेप येईलच. अमेरिकेत कंपन्यांची नावं गुप्त राहतात, फक्त देशवार बेरीज जाहीर होते. त्यामुळे तो आक्षेप टिकत नाही.

या माहितीने भाव वाढेलच असं नाही. मागणी घटली तर तीही तितक्याच लवकर कळेल. पण सौद्याला बसलेल्या दोघांपैकी एकालाच पत्ते दिसत असतील, तर त्याला खुला बाजार कसं म्हणायचं, हे तुम्हीच सांगा.