लहान गीताची योग्यता

मोठ्या वाद्यवृंदासाठीं तास तासभर चालणारी रचना करणारा तोच थोर, आणि एका गळ्यासाठीं चार कडव्यांस चाल लावणारा तो सामान्य, असा समज पुष्कळांच्या मनांत असतो. हा समज आम्हांस मान्य नाहीं. फिनलंडमधील संगीतरचनाकार युर्यो किल्पिनेन यांचें चरित्र याविषयीं विचार करण्याजोगें आहे.

किल्पिनेन यांचा जन्म १८९२ सालीं हेलसिंकी येथें झाला. तेथें, तसेंच व्हिएन्ना व बर्लिन येथें त्यांनीं संगीताचें शिक्षण घेतलें. त्यांचे ज्येष्ठ देशबंधु सिबेलिउस हे वाद्यवृंदाच्या भव्य रचनांनीं जगभर कीर्ति मिळवीत होते. किल्पिनेन मात्र त्या वाटेस फारसे गेले नाहींत. एक गळा आणि एक पियानो, एवढ्याच सामग्रीवर त्यांनीं सातशेंहून अधिक गीतें रचिलीं. फिनिश, स्वीडिश व जर्मन या तिन्ही भाषांतील कवितांस त्यांनीं सूर दिले. पियानोची साथ त्यांनीं मोजकीच ठेविली. त्यामुळें कवीचा शब्द झांकला जात नाहीं. एलियास ल्योन्रोट यांनीं १८४० सालीं 'कांतेलेतार' हा लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. त्यांतील ६४ गीतांस किल्पिनेन यांनीं १९४८ ते १९५० या काळांत, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर, चाली दिल्या. १९५९ सालीं ते निवर्तले.

येथें एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. हिटलरच्या राजवटींत जर्मनींत त्यांच्या गीतांचा मोठा गौरव झाला, आणि त्या राजवटीविषयीं त्यांस सहानुभूति होती. महायुद्धानंतर त्यांची कीर्ति ओसरली, त्याचें हेंही एक कारण होय. मग तीं गीतें टाकून द्यावीं काय? आमच्या मतें तसें करूं नये. परंतु गीत मधुर आहे म्हणून रचणाराचा दोष झांकणें, हेंही योग्य नव्हे. गुण व दोष हे दोन हिशेब आहेत. एकाची शिल्लक दुसऱ्यांत जमा करतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रापासून दोन बोध घ्यावे. काम लहान दिसलें तरी आयुष्यभर निष्ठेनें केल्यास त्याचा डोंगर होतो. आणि कलेंतील कौशल्य कितीही मोठें असलें, तरी आपण कोणाच्या बाजूस उभे राहतों याचा विवेक तें आपल्याकरितां करीत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच करावा लागतो. पालकांनींही मुलाच्या गुणांचें कौतुक करितांना हा दुसरा बोध विसरूं नये.