फोटोवरचं कातडं कुणाचं?

फोटोग्राफीचा इतिहास सांगणारे सगळे एकाच जागेवरनं सुरुवात करतात. पॅरिस, १९ ऑगस्ट १८३९. अरागो नावाच्या शास्त्रज्ञानं भरसभेत दागेरचं गुपित फोडलं. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्याला आयोडिनची धुरी, मग उजेड, मग पाऱ्याची वाफ, की पत्र्यावर चित्र उमटलंच. फ्रेंच सरकारनं दागेरला पेन्शन बांधून दिली आणि हा शोध आम्ही साऱ्या जगाला देतो म्हणून जाहीर केलं. साऱ्या जगाला! इंग्लंडात मात्र या बुवानं पाचच दिवस आधी पेटंट घेऊन ठेवलं होतं. ते असो. त्या तारखेला आता जागतिक छायाचित्रण दिन पाळतात. आमच्या भंडाऱ्याकडे त्या दिवशी कॅमेऱ्याला हळदकुंकू लावून उदबत्ती ओवाळलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

दोस्तहो, विज्ञानाशी आपलं भांडण नाही. निएप्स, दागेर, टॅलबट, हर्शेल, आर्चर, डोकी मोठी होती हे कबूल. भांडण आहे ते इतिहास लिहिणाऱ्यांशी. त्यांच्या पुस्तकात भिंग आहे, रसायन आहे, साहेब आहे. ओझं वाहणारा खांदा नाही, पाणी भरणारा हात नाही, आणि पुढं ज्या कातड्यावर सगळी फोटोग्राफी उभी राहिली ते सोलणारा माणूस तर कुठंच नाही. मला त्या कातड्याविषयी बोलायचंय. पण आधी मुंबईला जाऊन येऊ.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. हिंदुस्थानातली पहिली. त्यात गोरे अंमलदार होते, आणि आपल्याकडचे डॉक्टर भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग उघडला. हरिश्चंद्र चिंतामण तिथं शिकले आणि मुंबईत फोटोच्या धंद्याला लागले. भाऊ दाजी भला माणूस, मुलींच्या शिक्षणासाठी झटलेला, त्यांना शिव्या घालायचं कारण नाही. पण त्या वर्गाच्या उंबऱ्यावर महारामांगाचं पोर उभं तरी राहू शकलं असतं काय? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महाराच्या पोरानं प्रवेश मागितला तर मुंबई सरकारनं हात वर केले. साध्या बाराखडीची ही गत, मग भिंगाची काय सांगायची!

आणि आमच्या इकडे? १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचा रघुजी भोसला मेला, डलहौसीनं राज्य गिळलं, वैनगंगेकाठचा भंडारा कंपनीच्या खात्यावर चढला. वर राजा बदलला, खाली मालगुजाराच्या विहिरीचा कायदा तोच राहिला.

एल्फिन्स्टनमध्ये फोटोचा वर्ग उघडला ते साल १८५५. त्याच साली जोतिबांच्या शाळेतली मांगाची पोरगी मुक्ता 'ज्ञानोदया'त मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहीत होती. मुक्ताचं नाव आपल्याकडे आहे, तिचे शब्द आहेत. तिचा चेहरा नाही. कुणी भिंग घेऊन तिच्याकडे गेलं नाही. हे ध्यानात ठेवा, कारण थोड्याच वर्षांत याच्या उलटं होणार आहे. चेहरे निघणार आहेत, नावं जाणार आहेत.

आता फोटो काढायचे कसे ते बघा. १८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रजानं ओल्या काचेची रीत काढली. तिचं त्यानं पेटंट घेतलं नाही, आणि १८५७ साली कफल्लक मेला. (फोटोग्राफीच्या इतिहासात मला मनापासून आवडणारा साहेब हा एकच.) तेजाबात मुरवलेला कापूस ईथर नि स्पिरिटमध्ये विरघळवायचा, ते चिकट पाणी काचेवर ओतायचं, काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन डेव्हलप करायची. दहापंधरा मिनिटांचा खेळ. काच सुकली की मेहनत मातीत. म्हणजे साहेब जाईल तिथं तंबू, काचेच्या पेट्या, बाटल्या, बादल्या. आणि पाणी. पाण्याशिवाय काच धुता येत नाही. बोर्न नावाचा फोटोग्राफर १८६३ पासून हिमालयात फिरला, बरोबर तीसतीस चाळीसचाळीस हमाल. बोर्नचे फोटो जगभरच्या म्युझियमात लागले. त्या हमालांची नावं कुठल्या भिंतीवर आहेत?

ज्या मुलखात आपल्या हाताचं पाणी बाटत होतं, त्याच मुलखात हे काचा धुणं चाललं होतं. एकदा काचेवर पडल्यावर ते पाणी कुणी भरलं हे कोण विचारतो! चांदीचा क्षार शिवाशिव मानत नाही. ब्राह्मणावर पडलेला उजेड नि महारावर पडलेला उजेड त्याला सारखाच काळा करतो. कॅमेऱ्याच्या आत जात नव्हती. ती कॅमेऱ्याच्या मागं उभ्या माणसाच्या डोक्यात होती, आणि फोटोखालच्या ओळीत.

ती ओळ फार महत्त्वाची. मुंबईत जॉन्सननं १८६३ नि १८६६ साली शहरातल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसं वेगळीच उभी करून घेतली आणि मागं दुसरीकडचा देखावा चिकटवला. म्हणजे माणूस खरा, जागा खोटी. मग सरकारच उतरलं. सत्तावनच्या उठावानं हादरलेल्या राज्याला आपली रयत ओळखून ठेवायची होती. १८६८ ते १८७५ मध्ये 'पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले, ४६८ फोटो. खाली जात, आणि ती जात चोर की इमानदार, आळशी की कष्टाळू याचा शेरा. बहुतेकांना नाव नाही. पशुप्रदर्शनात बैलाच्या गळ्यात पाटी असते तसं. १८६९ साली हक्सलेसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं वसाहतींतल्या माणसांना उघडं करून, शेजारी मापाची काठी ठेवून फोटो काढायची सूचना दिली. विज्ञानाचीच भाषा, आणि माणूस नागडा. आमच्या मध्यप्रांतावर रसेल आणि हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली आले, त्यातही फोटो आहेत. जात आहे, धंदा आहे, माणसाला नाव सापडलं तर नशीब.

नाकं मोजणारे पुढं आलेच. पण त्यांच्याच मोजमापांचे आकडे बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांच्या तोंडावर फेकले. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही, हे त्या नाकांनीच सिद्ध होतं, म्हणाले. हत्यार त्यांचं, घाव आपला.

याच काळातली अजिंठ्याची गोष्ट मला झोपू देत नाही. मेजर गिल १८४४ साली अजिंठ्याला भित्तिचित्रांच्या नकला करायला आला. वर्षानुवर्षं राबला. त्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण मधल्या काळात तो कॅमेरा शिकला होता, आणि १८६४ साली त्याच्या फोटोंची पुस्तकं लंडनला छापून निघाली. काही फोटो जोडीचे होते, यंत्रातून पाहिले की लेणं डोळ्यापुढं उभं राहायचं. म्हणजे १८६४ साली लंडनच्या दिवाणखान्यात मडमा चहा पिता पिता आपल्या लेण्यांतला बुद्ध बघत होत्या. आपल्या घरात तो १९५६ ला आला. ब्याण्णव वर्षं! पवनीचे स्तूप तर आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच पायाखाली. ते १९६९-७० च्या उत्खननात वर निघाले.

आता कातडं.

ओल्या काचेची कटकट संपवायला इंग्लंडातल्या मॅडॉक्स नावाच्या डॉक्टरनं १८७१ साली जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली. ईथरच्या वासानं त्याची तब्येत खालावली होती. सातआठ वर्षांत ती रीत पक्की झाली. तंबू गेला, हमाल गेले, प्लेटा कारखान्यात तयार होऊन पेटीत मिळू लागल्या. १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक आला नि फोटो कुणीही काढावा असं झालं. त्यानंतरची शंभरेक वर्षं, अगदी मोबाइल येईस्तोवर, सगळे फोटो आणि सगळे सिनेमे जिलेटिनवर. फाळक्यांचा १९१३ चा हरिश्चंद्रसुद्धा.

जिलेटिन म्हणजे काय? मेलेल्या जनावराचं कातडं आणि हाडं. चुन्याच्या पाण्यात मुरवायची, धुवायची, उकळायची, वर येतो तो डिंक गाळायचा. चांदीचे कण याच डिंकात धरून ठेवलेले असतात. १८८२ साली ईस्टमनच्या प्लेटा एकाएकी बिघडायला लागल्या, कंपनी बुडायची वेळ आली. शोधता शोधता कळलं, जिलेटिन वाईट निघालं होतं. १९२५ साली शेपर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला आणखी उमगलं. काही जिलेटिन उजेडाला जास्त जागं असतं, कारण त्यात मोहरीच्या तेलातल्या गंधकाचा अंश असतो. ढोरानं जिवंतपणी मोहरीवर्गातला पाला खाल्ला, तो मेल्यावर फोटोत उतरला!

म्हणजे ज्या धंद्यापायी गावानं आपल्याला वेशीबाहेर बसवलं, त्याच धंद्याचा माल पेशव्यांच्या वाड्यापासून मालगुजाराच्या बैठकीपर्यंत भिंतीभिंतीवर टांगला गेला. पणजोबांचा फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढं समई. काचेमागं मेलेल्या ढोराचं कातडं. त्याआधीचे फोटो तरी कुठं सोवळे होते? १८५० पासून कागदावर अंड्याचा पांढरा बलक फासलेला असायचा. आम्ही मेलं ढोर ओढलं की बाटलो, तुम्ही त्याला नमस्कार केला की संस्कृती! बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, मेलं ढोर ओढू नका, खाऊ नका. माझ्या आज्यानं ते काम सोडलं तर गावानं त्याचं बलुतं बंद केलं. फोटोवाल्याचं दुकान कुणी बंद केलं नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगून राहिलो नाही. १९८० च्या सुमारास तुमसरकडल्या एका स्टुडिओत मी डार्करूम सांभाळायचो. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. नळाचं पाणी चटका देतं. त्या पाण्यात फिल्म टाकली की वरचा थर शेवाळासारखा फुगून सुटायचा, नवरानवरीचे चेहरे घसरून ट्रेमध्ये. म्हणून बर्फ आणायचा, आणि हायपोत तुरटी घालायची. थर कडक होतो. मालकानं तुरटीचं कारण विचारलं. मी म्हणालो, "मालक, कातडं आहे ना जी ते. आमच्याकडे कातडं कमावताना तुरटी घालतात." त्या दिवसापासून पाण्याचा माठ डार्करूमच्या दारातून उचलून आत घरात गेला. मला वेगळा गिलास आला. माझ्या हातचे फोटो मात्र चालत राहिले, देवीच्या मूर्तीचे पण.

आता मोबाइलच्या फोटोत कातडं राहिलं नाही. पण कॅमेऱ्यामागचा माणूस बदलला का? जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उन्याजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना बांधून मारलं, आणि मारणाऱ्यांनीच ते मोबाइलवर उतरवून फिरवलं. 'पीपल ऑफ इंडिया'चाच पुढला खंड. फक्त या वेळी फासा उलटा पडला. ते चित्रण देशानं पाहिलं आणि सुरेंद्रनगरात आपल्या माणसांनी मेलेली ढोरं सरकारच्या दारात आणून टाकली. घ्या, तुमची माय, तुम्हीच उचला.

आणि इथं मला आपल्याच लोकांशी भांडायचंय. खैरलांजी आमच्या मोहाडी तालुक्यात. २९ सप्टेंबर २००६. एका घरातली चार माणसं. मोठ्या वर्तमानपत्रांना उशिरा जाग आली, तोवर प्रेतांचे फोटो हातोहात फिरले आणि त्या फोटोंनीच लोक रस्त्यावर उतरले, हे मला मान्य आहे. त्या वेळी ते लागतच होते. पण अजून, इतक्या वर्षांनी, आपल्या मोर्च्यांच्या फलकांवर तेच फोटो का? उघडं शरीर, खाली गावाचं नाव, जातीचं नाव. ही ओळ लिहायला आपल्याला कुणी शिकवलं? ती पोरगी बारावीत चांगल्या मार्कांनी पास झालेली होती. तिचा जिवंतपणीचा फोटो आहे. तो लावा, तिच्या नावासकट. काही कार्यकर्ते म्हणतात, जिवंत चेहऱ्यानं लोक पेटत नाहीत. माझं म्हणणं, न पेटले तर न पेटोत. हक्सलेची काठी आपण हातात घ्यायची नाही.

मी सध्या एक काम करतो. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे राहिले नि हरले. तेव्हाचे आणि छपन्नच्या दीक्षेचे फोटो अजून काही घरांत पेटीच्या तळाशी आहेत. बाबासाहेबांना सगळे ओळखतात. पण कडेला उभा तो टोपीवाला कोण, सतरंजीवर बसलेली ती लुगड्यातली बाई कोण, हे सांगणारे म्हातारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मी त्यांच्याकडे जाऊन बसतो आणि नावं लिहून घेतो. पवनी, लाखनी झालं. साकोली राहिली आहे.

तुमच्या घरी असे फोटो असतील तर ओल्या फडक्यानं पुसू नका, थर सुटेल. लॅमिनेशन करू नका. काचेला चिकटले असतील तर ओढू नका, तसेच राहू द्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, पेनानं नको, शाई पुढं उमटते. पूर्ण नाव लिहा, आणि बाई असेल तर तिचं स्वतःचं.