आधी कारण, मग शॉट

विद्यार्थ्यांच्या लघुपटाची संहिता वर्गात पक्की होते, पण तिची खरी परीक्षा चित्रीकरणाच्या सकाळीच सुरू होते. ज्या वाड्यासाठी प्रसंग लिहिला त्याचा मालक ऐनवेळी नकार देतो, गल्लीत लग्नाचा बँड वाजू लागतो, तिरपं ऊन बघता बघता डोक्यावर येतं आणि भाड्याचा कॅमेरा तर संध्याकाळी परत करायचा असतो. १९५२ साली सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चं चित्रीकरण फुललेल्या काश गवतात सुरू केलं, आठवड्याने परतले, तेव्हा गुरांनी ते फस्त केलं होतं. राय पुढच्या हंगामापर्यंत थांबले, कारण चित्रपटातल्या अपू-दुर्गा या भावंडांचा तो प्रसंग त्या पांढऱ्या तुऱ्यांशिवाय उभाच राहिला नसता. विद्यार्थ्याला असं थांबता येत नाही. म्हणून त्याने प्रत्येक प्रसंगापुढे त्याचं कारण एका ओळीत लिहावं. ‘वडील नोकरीबद्दल खोटं बोलताहेत हे मुलीला कळतं’ एवढं पक्कं असेल, तर वाड्याऐवजी जिना आला, बारा शॉटचे चार झाले, नवख्या नटाने संवाद स्वतःच्या बोलीत म्हटला, तरी प्रसंग तरतो. कधी कधी जास्त खरा होतो. कारणच ठाऊक नसेल, तर सगळे शॉट मिळूनही संकलनाच्या वेळी हाती काही लागत नाही. मुलांनो, शॉटची यादी जरूर करा. पण कुठला शॉट गेला तर प्रसंगच जाईल, त्यावर आधी खूण करा आणि सकाळी पहिल्यांदा तोच घ्या.