कोटाच्या खिशातील गोळ्या

पाब्लो लाराईन यांचा 'मारिया' हा २०२४ सालचा चित्रपट आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. मारिया कॅलास ही ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाट्याच्या, रंगभूमीवरील विसाव्या शतकातील थोर गायिका. १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिसमधील राहत्या घरी हृदयविकाराने ती गेली, तेव्हा तिचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. चित्रपटात तिचा अखेरचा आठवडा आहे. अँजेलिना जोलीच्या अभिनयाची चर्चा पुष्कळ झाली. माझे लक्ष मात्र घरातील दोन माणसांवर खिळून राहिले. सेवक फेरुच्चो आणि स्वयंपाकघर सांभाळणारी ब्रुना.

मारिया गोळ्या लपवते, आणि फेरुच्चो तिच्या कपड्यांचे खिसे चाचपून त्या शोधतो. काय घेतले, किती घेतले, हे तो विचारतो. ती उत्तर टाळते. तो डॉक्टरांना बोलावतो, तर तिला त्यांचे ऐकायचेच नसते. तिला भ्रम होऊ लागतात आणि भ्रमात भेटणाऱ्या वार्ताहराचे नाव असते मँड्रॅक्स. हे तिच्या गुंगीच्या औषधाचेच नाव. (हे औषध आता बहुतेक देशांत वापरातून गेले आहे.) यातील कितीतरी भाग कल्पित आहे, हे उघडच, पण खिसे चाचपणारा तो हात आपल्या परिचयाचा आहे.

आपल्या घरीही उशीखाली, देवघराच्या खणात, जुन्या पर्समध्ये झोपेच्या गोळ्या सापडतात. उतारवयात यकृत आणि मूत्रपिंडे औषध सावकाश बाहेर टाकतात. म्हणून पूर्वी सोसलेली मात्राही आता अंगात साचते. मग रात्री उठताना तोल जातो, सकाळी बोलणे अडखळते, दिवस-रात्रीचे भान सुटते, आणि आपण त्याला म्हातारपण म्हणतो. गोळ्या सापडल्या म्हणून त्या रागाने फेकून देऊ नयेत. काही महिने घेतलेले असे औषध एकाएकी तोडल्यास झटकेही येऊ शकतात. घरातील सगळी औषधे, अगदी शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि मात्रा त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू उतरवावी.

मात्र मारियाचा आजार केवळ गोळ्यांचा नव्हता. तिची अखेरची जाहीर मैफल नोव्हेंबर १९७४ मध्ये जपानमधील साप्पोरो येथे झाली होती; त्यानंतर उरले ते रिकामे दिवस. चित्रपटात ती स्वयंपाकघरात ब्रुनापुढे गाते. अंडी परतता परतता ब्रुना ऐकते आणि उत्तम झाले म्हणते. त्या एका श्रोत्याची तिला केवढी भूक असावी! निवृत्त झालेल्या, जोडीदार गमावलेल्या आपल्या माणसाला झोप का लागत नाही, हे गोळ्या मोजण्यापूर्वी विचारले तर?

आणि फेरुच्चोची पाठ दुखते. तरीही बाईंच्या लहरीखातर तो पियानो या खिडकीतून त्या खिडकीपाशी ढकलत राहतो. ही ओळ मी शुश्रूषा करणाऱ्या वाचकांसाठी लिहीत आहे: आपली पाठ शेवटची कोणी, केव्हा तपासली?