घेतलेलं परत देण्याचा क्रम

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ईदला भोकरला आला, तेव्हा लॅपटॉप सोबतच होता. प्रोजेक्ट होता लिनक्ससाठी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहिण्याचा. कार्ड चालत होतं. पण ड्रायव्हर काढून पुन्हा घातला की मशीन कधी चालायचं, कधी जागीच गोठायचं. मी भाषेचा शिक्षक, कोडचा माणूस नाही. तरी दोन रात्री बसून ते त्याच्याकडून समजून घेतलं. त्यातून जे वाटलं, ते इथे मांडतो.

नेटवर्क कार्डावर माहितीचं पाकीट आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाकेला उत्तर कोणी द्यायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. म्हणून ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, नोंद करतो: या क्रमांकाची हाक आली की माझं हे फंक्शन चालव. ही नोंद 'रिक्वेस्ट आयआरक्यू' करतं आणि 'फ्री आयआरक्यू' ती रद्द करतं. एकाने घ्यायचं, दुसऱ्याने परत द्यायचं. गोष्ट सोपी वाटते. अडचण आहे ती परत देण्याच्या क्रमाची.

लग्नाचा मांडव आठवा. आधी खांब, मग कापड, मग झुंबरं आणि शेवटी लाईट. उतरवताना नेमकं उलट. आधी करंट बंद, मग दिवे, मग कापड, खांब सर्वांत शेवटी. दिवे चालू ठेवून खांब उपटणारा माणूस मांडव उतरवत नसतो, अपघात घडवत असतो. ड्रायव्हरचंही तसंच आहे. आधी पाकिटं पाठवण्याची रांग थांबवायची. मग कार्डाला सांगायचं की आता हाक मारू नकोस. मग नोंद रद्द करायची. फ्री आयआरक्यू इथे एक शहाणपणाचं काम करतं: आधीच सुरू झालेलं उत्तर पूर्ण होईपर्यंत ते थांबून राहतं. त्यानंतरच मेमरी सोडायची.

भाच्याची चूक इथेच होती. 2007 साली लिनक्सच्या 2.6.21 आवृत्तीत एक सोय आली. तिच्यातून घेतलेल्या गोष्टी ड्रायव्हर निघताना कर्नल स्वतःच उलट क्रमाने परत करतो. तेजुन हिओ यांनी ती लिहिली. अशा फंक्शनांच्या नावापुढे 'डेव्हएम' लागतं. भाच्याने इंटरप्ट या सोयीतून घेतला होता, पण कार्डाची मेमरी स्वतःच्या हाताने सोडत होता. कर्नलची आवराआवर ड्रायव्हरचं 'रिमूव्ह' फंक्शन संपल्यावर सुरू होते. म्हणजे मेमरी आधी गेली, नोंद मागे राहिली. कार्डाला गप्प केलेलंच नव्हतं. मधल्या क्षणात हाक आली की उत्तर देणारं फंक्शन आपली न राहिलेली मेमरी चाचपायचं. हाक आली नाही, तर सगळं ठीक. म्हणून तर कधी चालायचं, कधी नाही.

सोय वाईट नाही. पण निम्मं काम सोयीवर आणि निम्मं हातावर सोडायचं असेल, तर दोन्हींचा क्रम माहीत हवा.

याचा त्रास फक्त स्वतःला होतो असंही नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत एकाच इंटरप्टवर दोन-तीन उपकरणं असतात. एखादं कार्ड ओरडत राहिलं आणि उत्तर द्यायला कोणी नसलं, तर कर्नल मोजत बसतो. 1,00,000 हाकांपैकी 99,900 पेक्षा जास्त बेवारस निघाल्या, की 'कोणालाच पर्वा नाही' अशा अर्थाचा संदेश लिहून तो ती लाईनच बंद करतो. त्याच लाईनवरच्या निरपराध शेजाऱ्याचंही काम अडतं. आपल्याकडे याला हुकूकुल इबाद म्हणतात, माणसांचे एकमेकांवरचे हक्क. आपली बेफिकिरी शेजाऱ्याला भोवली, तर जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

मी भाच्याला विचारलं, हे तपासलं नव्हतं का? तो म्हणाला, "मामू, पिंग जातंय का, एवढंच बघतात." यात मी त्याच्या शिक्षकांना दोष देत नाही, कारण मीही तेच करतो. पेपरात शेवटचं उत्तर बघतो आणि मार्क देतो. गाडी कुठे अडू शकते आणि अडली तर मागे कसं यायचं, हे आम्ही शिकवतच नाही. पाचपैकी तिसरी पायरी फसली, तर आधीच्या दोन उलट क्रमाने मोकळ्या करायच्या असतात. त्यासाठी वर्गात वाईट म्हणून शिकवलेला 'गोटू' वापरायला कर्नलची स्वतःची लेखन-नियमावली परवानगी देते. भाच्याला हे माहीत नव्हतं. ती नियमावली फुकट आणि सर्वांसाठी खुली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रॅक्टिकलला निम्मे मार्क आवरण्याला द्या. पिंग चालू असताना ड्रायव्हर शंभर वेळा काढायला आणि घालायला लावा. वाटेतली एखादी पायरी मुद्दाम फसवा आणि काय होतं ते पाहा. कर्नलही हेच करतो. त्यात चाचणीसाठी एक पर्याय आहे: तो चालू असेल, तर सामायिक इंटरप्टची नोंद रद्द होताना तो मुद्दाम एक खोटी हाक मारून बघतो.

भाच्याने इंटरप्टही हाताने सोडायला घेतला आणि क्रम सुधारला. मशीन आता गोठत नाही. अमानत सांभाळणं हे अर्धं काम. ती योग्य वेळी, योग्य क्रमाने परत करणं हे उरलेलं अर्धं.