पडली ती, चूक कुणाची?

पावसाळ्यात हाडांच्या डॉक्टरांकडे तासभर बसून पाहा. कुणाच्या हाताला प्लॅस्टर, कुणाच्या पायाला. एखादीला विचारलं, ‘काय हो, कसं झालं?’ की उत्तर ठरलेलं, ‘माझंच मेलीचं लक्ष नव्हतं!’ घरच्यांचंही तेच, ‘बघून चालता येत नाही का?’ म्हणजे पडली ती, दुखणं तिचं आणि वर बोलणीही तिनेच खायची. मैत्रिणींनो, मला या उत्तराचाच राग येतो.

जरा विचार करा. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, खांद्याला ऑफिसची बॅग. जिन्यातला दिवा गेलेला, पायऱ्यांवर गळक्या छपराचं पाणी. अशा वेळी ‘लक्ष’ द्यायचं तरी किती ठिकाणी? ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी दिसायला साधी, पण खरखरीत होती. आता पुनर्विकास झाला, चकचकीत टाइल्स आल्या. त्यावर पाण्याचे चार थेंब सांडले की पाय गेलाच म्हणून समजा.

आणि पडणं म्हणजे नुसतं खरचटणं नव्हे. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. घसरताना आपण सहज हात टेकतो आणि मनगट मोडतं. सासूबाईंच्या वयाची बाई पडली तर खुब्याचं हाड जातं. मग ऑपरेशन, पैसा, महिनोन् महिने अंथरूण. तिची सेवा करायला पुन्हा घरातली दुसरी बाईच!

म्हणून पाऊस यायच्या आधी घर एकदा पडणाऱ्याच्या नजरेने बघा. बाथरूममध्ये खडबडीत रबरी मॅट घाला. कमोडजवळ धरायला भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेलच्या दांडीच्या भरवशावर राहू नका, ती माणसाचं वजन पेलत नाही. दाराशी जुन्या साडीचं पायपुसणं असेल तर काढा, ते पायाबरोबर सरकतं. रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी बारीक दिवा चालू ठेवा. चपलेचा तळ उलटा करून पाहा. रेघा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर पट्टा धड असला तरी ती चप्पल टाकून द्या. स्कूटरवर मागे बसून छत्री उघडू नका, पदर आणि ओढणी खोचून घ्या.

एवढं करूनही कुणी पडलंच तर हात धरून ओढत उठवू नका. तेल लावून चोळणं, ओढूनताणून हाड ‘बसवणं’ तर नकोच. वर्तमानपत्राची जाड घडी आधाराला बांधा, अवयव हलू देऊ नका आणि एक्स-रे काढा.

पण उंबऱ्याबाहेरचं काय? जिन्यातला दिवा, गच्चीवरचं आणि आवारातलं शेवाळ, पायऱ्यांच्या कडेच्या खरखरीत पट्ट्या ही सोसायटीची कामं आहेत. ब्लीचिंग पावडर आणि खराट्याने तासाभरात निघणारं शेवाळ चार महिने तसंच राहतं, कारण मीटिंगमध्ये बायका बोलत नाहीत. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना विचारा. न्यूयॉर्क, शिकागोसारख्या शहरांत हिवाळ्यात बर्फ पडला की आपल्या जागेसमोरच्या पदपथावरचा बर्फ हटवणं जागेच्या मालकाला बंधनकारक असतं. तिथेही माणसं घसरतातच. पण जागा निसरडी राहिली तर मालकालाही जाब विचारता येतो, नुसतं पडणाऱ्याच्या ‘लक्षा’वर भागत नाही.

आपल्याकडे काय होतं? २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर भर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ जीव गेले. गर्दीच्या वेळी ठाण्याचे, डोंबिवलीचे ओले जिने उतरणाऱ्या प्रत्येकीच्या पोटात ती बातमी वाचून गोळा आला असेल. २०१८ च्या पावसाळ्यात तर आपल्याच कल्याणमध्ये रस्त्यावरच्या खड्ड्यांनी बळी घेतले. तेव्हाही ‘गाडी नीट चालवायला नको का?’ म्हणणारे होतेच.

आता मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये आणि जखमी झालेल्याला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई मिळाली पाहिजे. गेलेलं माणूस पैशाने परत येत नाही, खरं आहे. पण चूक पडणाऱ्याची नव्हे, रस्ता सांभाळणाऱ्याची, हे कोर्टाने मान्य केलं. म्हणून खड्डा दिसला की मोबाइलवर फोटो काढा, तारीख घालून महापालिकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. एकटीने जायला संकोच वाटतो? महिला मंडळाच्या चौघी मिळून जा.

आणि यापुढे कुणी पडली तर ‘कशी पडलीस?’ असं विचारू नका. ‘कुठे पडलीस?’ असं विचारा. ती जागा दाखवेल. मग त्या जागेचं काय करायचं, ते सगळ्या मिळून ठरवू.