आई दाखवा, मग पिल्लाचे बोलू

पहाटे साडेपाचला फाटकाशी दूधवाल्याची मोटारसायकल थांबते आणि आमच्या घरी दिवस उजाडतो. आधी एखादे पोमेरेनियन भुंकते, त्याला दोन लॅब्रेडॉर साथ देतात आणि मिनिटभरात सगळ्या कप्प्यांतून असा कल्लोळ उठतो की, दूध किती घालायचे ते दूधवाल्याला बोटांनी सांगावे लागते. मुक्कामाला आलेल्या नातेवाइकांना वाटते, चोरच शिरला. शिरलेले कुणी नसते. उजाडले आहे, आता कुणीतरी या, एवढाच त्या आरड्याचा अर्थ.

पुण्याहून मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आमचे घर आणि केनेल आहे. सासऱ्यांनी चाळीसएक वर्षांपूर्वी दोन अल्सेशियन पाळले, त्यातून हा धंदा उभा राहिला. (तेव्हा जर्मन शेफर्ड असे कुणी म्हणत नसे.) माझ्या माहेरी मांजरसुद्धा नव्हते. लग्न ठरले तेव्हा आत्याने 'मुलाकडचे काय करतात?' असे विचारले आणि उत्तर ऐकून ती काही वेळ गप्पच बसली. आज सासरे थकले आहेत. मी, माझे यजमान, कॉलेजात जाणारी मुलगी आणि शेजारच्या वाडीतून येणारे एक नवरा-बायको, असे आम्ही पाचजण हे सगळे रेटतो. आमच्याकडे दोन कामे चालतात. लोक गावाला गेले की त्यांची कुत्री सांभाळणे हे एक, आणि कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणे हे दुसरे. या दोन कामांचे एकमेकांशी काय नाते आहे, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सकाळचे पहिले काम म्हणजे कप्पे धुणे. पण धुण्याआधी बघणे. केनेलमधले निम्मे वैद्यकशास्त्र विष्ठेत असते. पातळ झाली का, आव पडली का, रक्त आहे का, जंत दिसतात का, हे पाहिल्याशिवाय नळी सोडायची नाही, हा सासऱ्यांचा दंडक. मग फिरवणे, मग खाणे. मोठ्या छातीच्या कुत्र्यांना जेवल्यावर तासभर पळू द्यायचे नाही, कारण पोट फुगून पीळ बसला तर दवाखाना गाठेपर्यंत हाती काही राहत नाही. दुपारी गोचिडी. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात घालून एकेक शोधायची. पावसाळ्यात हेच काम दोनदा. एका गोचिडीच्या तापाने धट्टाकट्टा कुत्रा आठवड्यात पांढराफटक पडलेला मी पाहिला आहे.

दिवाळीत आणि मे महिन्यात आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. पाहुणे येतात ते अंथरूण, ताटली, रबरी कोंबडी असा सगळा संसार घेऊन. आम्ही मागतो लसीकरणाचे कार्ड आणि घरच्या माणसाचा न धुतलेला एखादा कपडा. कार्डाशिवाय प्रवेश नाही, मग गाडी कितीही मोठी असो. कपडा मात्र रात्रीसाठी. पहिले दोन दिवस बहुतेक कुत्री नीट जेवत नाहीत. मालकिणीच्या जुन्या साडीवर नाक ठेवून पडून राहतात आणि तिसऱ्या दिवशी ताटली चाटूनपुसून साफ करतात. मालकांचे तसे नाही. ते महाबळेश्वरला पोहोचायच्या आत तीनदा फोन करतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही खिडक्या लावून घेतो, रेडिओ मोठा करतो आणि घरातले प्रत्येक माणूस एकेका खोलीत कुत्र्यांजवळ बसते. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या घरी दिवाळीचा फराळ पाडव्याच्या आधी कुणी बसून खाल्लेला नाही.

पिल्लांच्या बाबतीत लोकांना दिसते ती किंमत. त्यामागची रात्र दिसत नाही. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजायचा. एरवी तो एकशे एक-दोन डिग्री असतो. तो नव्याण्णवच्या खाली उतरला की दिवसभरात ती वेणा देणार हे समजायचे. मग लाकडी खोक्यात वर्तमानपत्रे अंथरायची. (रविवारची पुरवणी आमच्याकडे दोनदा उपयोगी पडते. संपादकांनी राग मानू नये.) प्रत्येक पिल्लामागे वार पडली की नाही हे मोजायचे, आई गडबडली तर पिल्लाच्या तोंडावरची पिशवी आपण फोडायची, टॉवेलने चोळून त्याला रडवायचे. दोन पिल्लांमध्ये फार वेळ गेला आणि ती नुसतीच कळा देत राहिली की रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायचे, आणि वेळ आली तर सिझेरियन. पहिले काही दिवस पिल्लांना स्वतःचे अंग गरम राखता येत नाही, म्हणून दिवा लावून पाळीपाळीने जागायचे. नऊ झाली तर नऊ जगतातच असे नाही. हातातल्या हातात गार होत जाणारे पिल्लू ही काय चीज असते, ते ज्याने अनुभवले, तो या धंद्याला 'पैसे छापणे' म्हणणार नाही.

दोन आठवड्यांच्या सुमारास डोळे उघडतात. तिसऱ्यापासून पिल्ले एकमेकांचे कान ओढू लागतात, आणि खरी शाळा इथे सुरू होते. भावाला जोरात चावले की तो किंचाळतो आणि खेळ मोडतो. आईला जोरात चावले की ती गुरगुरते. दात किती लावायचा हे कुत्रा इथे शिकतो. आणि नेमके पाचव्या आठवड्यात फोन सुरू होतात. 'ताई, आत्ताच द्या ना, लहान असले की लळा लागतो.' अहो, लळा आठव्या आठवड्यातही लागतो आणि आठव्या वर्षीही लागतो. पाचव्या आठवड्यात आईवेगळे केलेले पिल्लू मात्र पुढे तुमच्याच मुलाचा हात धरते, आणि मग तुम्ही म्हणता, कुत्रा माथेफिरू निघाला. शिवाय आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरत असते आणि लशीचे पुरते आलेले नसते, अशा ऐन संधिकालात त्याला टोपलीत घालून प्रवासाला काढायचे, म्हणजे पार्व्होला घरी बोलावणेच.

हे आमचेच शहाणपण आहे असे नाही. केंद्र सरकारने 2017 साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. त्यानुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचे नाही, दीड वर्षाच्या आत मादी फळवायची नाही, लागोपाठच्या दोन माजांत वेत घ्यायचे नाही आणि आयुष्यात पाचांपेक्षा अधिक वेते घ्यायची नाहीत. नियम चांगले आहेत. पण आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ गिऱ्हाइकांनी त्यांचे नावही ऐकलेले नसते. ते विचारतात, 'कागद आहेत का?' कागद म्हणजे वंशावळ. वंशावळीच्या कागदावर आजोबा-पणजोबांची नावे असतात. पिल्लाच्या खुब्याचे सांधे कसे आहेत हे त्यावर नसते. लग्न जमवताना आपण नुसते आडनाव पाहून मुलगी देतो का?

विचारायचा प्रश्न एकच आहे: पिल्लाची आई कुठे आहे? ती बघू द्या. तिच्या अंगावर मांस आहे का, तिचे केस गेलेत का, माणूस दिसल्यावर ती जवळ येते की कोपऱ्यात दबते, हे कुठल्याही गृहिणीला पाच मिनिटांत कळेल, त्यासाठी प्राणितज्ज्ञ व्हावे लागत नाही. जो विकणारा 'आई गावाला आहे', 'तुम्ही कशाला एवढ्या लांब येता, मीच हायवेला पिल्लू आणून देतो' म्हणतो, त्याची आई-मादी कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये दर माजाला व्यायला लावलेली आहे, असे मी खुशाल गृहीत धरते. ते पिल्लू अर्ध्या किमतीत मिळते खरे. उरलेली अर्धी किंमत महिनाभरात सलाइनपायी जाते. आणि 'बिचारे तिथून सोडवले' म्हणून जे दयाळू लोक असे पिल्लू विकत घेतात, ते त्या शेडमधल्या मादीच्या पुढच्या वेताचा विसार देऊन येतात. हे कटू आहे, पण आहे.

मी हे इतक्या ठामपणे बोलते ते बोर्डिंगच्या जोरावर. नुसती पिल्ले विकणाऱ्याला कुत्रा आठ आठवडे दिसतो, फाटकाबाहेर गेला की विषय संपला. आमच्याकडे तोच कुत्रा पाचव्या वर्षी, नवव्या वर्षी, बाराव्या वर्षी पाहुणा म्हणून येतो आणि आमचा हिशेब आमच्यापुढे मांडून ठेवतो. एकदा एकाच वेतातले दोन लॅब्रेडॉर भाऊ वेगवेगळ्या घरांतून एकाच मे महिन्यात आले. दोघेही बसल्यावर उठताना मागचे पाय ओढत होते. डॉक्टरांनी एक्स-रे काढले, खुब्याचे सांधे सैल. त्यांची आई तेव्हा चार वर्षांची होती, तिला मागणी होती. तिचे पुढचे वेत आम्ही घेतले नाही. बोर्डिंग नसते तर हे आम्हाला कळलेच नसते.

पगबद्दलही तसेच. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो चपट्या नाकाचा कुत्रा लहान मुलामागे धावला आणि घरोघर त्याची मागणी सुरू झाली. यजमानांनी तेव्हाही पगची पैदास केली नाही आणि आजही करत नाहीत. मे महिन्यात पाहुणे आलेल्या पगना आम्ही ओल्या फडक्यावर, पंख्याखाली ठेवतो आणि रात्रभर त्यांचे घोरणे ऐकतो. पाहुण्यांना ते गोंडस वाटते. ते श्वास घेण्याचे कष्ट असतात. सैबेरियाच्या बर्फातला हस्की आणि आल्प्सचा सेंट बर्नार्ड पुण्याच्या एप्रिलमध्ये आणून त्याच्यासाठी एसी लावणाऱ्यांबद्दल मी काय बोलणार! आपल्याच दक्षिण महाराष्ट्रात आणि पलीकडच्या मुधोळात कारवान कुत्रा आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने तो जोपासला, 2005 साली टपाल खात्याने मुधोळ हाउंड म्हणून त्याचे तिकीट काढले. उन्हाची त्याला सवय आहे. मात्र त्याला पळायला रान लागते. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी तोही नव्हे, हे विचारायला आलेल्यांना मी आधीच सांगते.

आणि रॉकी. 2020 च्या टाळेबंदीत घरात कोंडलेल्या माणसांनी सोबतीला पिल्ले घेतली, आमच्याकडेही रांग होती. दोन वर्षांनी कचेऱ्या पूर्ववत उघडल्या आणि त्यातली काही तरणी कुत्री नकोशी झाली. रॉकी आमच्याकडचा नव्हे, कुठूनतरी घेतलेला. पंधरा दिवसांसाठी ठेवला, पैसे महिन्याचे दिले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती असे मावशी म्हणतात. पण आगाऊ पैसे देणाऱ्यावर शंका कोण घेतो? विसाव्या दिवशी फोन बंद लागला. आता तो आमचाच आहे, वजनाने दीडपट झाला आहे. फाटकाशी पांढरी गाडी थांबली की अजूनही उठतो, काच खाली होईपर्यंत उभा राहतो आणि परत येऊन पडतो.

रॉकीला कुणी विकले, हे शोधायची सोय नव्हती. त्याच्या अंगात मायक्रोचिप नव्हती, कागद नव्हते. म्हणून आमच्याकडून जाणाऱ्या पिल्लाबरोबर आम्ही एक लेखी अट घालतो: कोणत्याही कारणाने, कोणत्याही वयात हा कुत्रा सांभाळणे जमेनासे झाले, तर तो दुसऱ्या कुणाला न देता आमच्याकडे परत आणायचा. आजवर सहा परत आले. एक अकरा वर्षांचा होता, त्याच्या मालकीणबाई वारल्या होत्या. या व्यवसायातले काहीजण आम्हाला हसतात. असे केले तर धंदा चालायचा कसा, म्हणतात. त्यांचा हिशेब बरोबर आहे. वर्षाला दहा वेते घेणाऱ्याला ही अट परवडणार नाही. दोन घेणाऱ्याला परवडते. माझ्या मते ज्याला ही हमी देता येत नाही, त्याने पिल्लू विकू नये. कायद्यातही ही अट यायला हवी.

आमच्या मुलीला हेही पुरेसे वाटत नाही. रस्त्यावर इतकी कुत्री असताना आपण आणखी जन्माला का घालायची, हा तिचा सवाल. जेवणाच्या टेबलावर यावरून आमचे दर आठवड्याला वाजते. सोबतच हवी असेल तर रस्त्यावरचे पिल्लू घ्या, ते काटक असते, हे मीही येणाऱ्या निम्म्या लोकांना सांगून परत पाठवते. पण बोर्डिंगचे उत्पन्न दिवाळी आणि मे महिन्याचे; जुलैत कप्पे रिकामे असतात आणि दोघांचा पगार, खाणे, औषधे थांबत नाहीत. तो खड्डा वर्षातल्या दोन वेतांनी भरतो. तिला हे आकडे पाठ आहेत. गेल्या महिन्यात तिने बोर्डिंगचे दर वाढवण्याचा आणि पावसाळ्यात कुत्र्यांना शिस्त लावण्याचे वर्ग घेण्याचा हिशेब लिहून यजमानांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

परवा राणी माजावर आली. ती आमची सगळ्यांत शांत लॅब्रेडॉर, वय सहा, चार वेते झालेली. कायद्याने अजून एक घेता येते आणि तिच्या पिल्लांसाठी तीन घरे वर्षभर थांबली आहेत. मुलीने काही न बोलता तिचे अंथरूण केनेलमधून उचलून वर आपल्या खोलीत नेले. सासरे एवढेच म्हणाले, 'पुरे आता तिला.' तेव्हा राणीचे पाचवे वेत होणार नाही. थांबलेल्या तिघांना तसे कळवायचे आहे. दोघे समजून घेतील. तिसऱ्यांच्या नातीने पिल्लाचे नाव आधीच ठेवून टाकले आहे, त्यांना फोन उद्या करीन.